आतल्या बांगड्या

वैजयंता कासारणीच्या तोंडून ‘बांगडी फुटली’ असे शब्द बार्शीत कुणी कधी ऐकले नव्हते. कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही, ती वाढते. हातात भरताना तडकली तरी वाढली, दाराच्या कडीवर आपटली तरी वाढली, आणि अख्खी पेटी हातातून निसटून जमिनीवर आली तरी वाढलीच म्हणायचं आणि केरसुणी आणायची. लग्नघरात हा नियम आणखी कडक. नवरीचा हिरवा चुडा भरताना काच लागून रक्त आलं, तर ते आयाबायांच्या नजरेला पडायच्या आत नाहीसं झालं पाहिजे. त्याची युक्ती वैजयंताला सासूने शिकवली होती. पेटीतल्या हळदीच्या डबीत अंगठा बुडवायचा, तो जखमेवर दाबून धरायचा, तोंडाने गप्पा चालू ठेवायच्या आणि मनात शंभर आकडे मोजायचे. बघणाऱ्याला वाटतं, काकू नवरीचा हात हातात घेऊन कौतुक करतायत.

२०४३ सालच्या तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच मुहूर्ताला आगलाव्यांच्या होणाऱ्या सुनेचा चुडा तिने भरला. मुलीचं नाव ईश्वरी. तोवर मनगटाचं माप घेऊन यंत्रावर छापलेल्या, कधीही न तडकणाऱ्या बांगड्या सोलापुरात ढिगाने मिळू लागल्या होत्या. पण लग्नाला अजून काचच लागे. न तडकणारी बांगडी जपायची तरी कशाला, असं बायकांचं म्हणणं, आणि ते वैजयंताच्या पथ्यावर पडलेलं.

कार्यालयात ईश्वरीच्या भोवती सासरच्या बायकांचा गराडा पडला होता. अठरावी बांगडी चढवताना काच तडकली आणि अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचा थेंब आला. वैजयंताने सवयीने हळदीचा अंगठा पुढे केला. ईश्वरीने हात मागे ओढला.

“काकू, नको. राहू द्या.”

“गप बस. तुझ्या सासूबाई बघायल्यात,” वैजयंता हळूच म्हणाली आणि तिने तो हात घट्ट धरून अंगठा दाबला. कासारणीच्या अंगठ्यावर बारा महिने काचेचे बारीक कापे असतात, ते तिला स्वतःलाही दिसेनासे झालेले असतात. ती आगलाव्यांच्या काकूशी साडीच्या काठाबद्दल बोलत राहिली आणि शंभर मोजून झाल्यावर हात सोडला. मुलगी पांढरीफटक पडली होती. लग्नात नवऱ्या घाबरतातच, असं म्हणून वैजयंता पुढच्या बांगडीकडे वळली.

जानेवारीत तिची बोटं धरली. सकाळी उठावं तर मूठ वळेना, मनगटं सुजलेली, अंगात कसकस. ऐन लग्नसराईत कासारणीची बोटं धरावीत याहून वाईट ते काय. तिचा नवरा धनंजय दुकानाच्या ओट्यावर बसून तिच्या बोटांकडे बघत राहायचा. माणूस प्रेमळ, पण प्रेम दाखवायची पद्धत अशी की समोरच्याला राग यावा. तो तिला कामाला बस म्हणत नसे आणि बसू नको असंही म्हणत नसे, नुसता उसासे टाकी. मग एके दिवशी एसटीत शेजारी बसलेल्या कुणा बाईकडून ऐकून तो मसुराएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची पट्टी घेऊन आला.

“सांधेवातावर रामबाण हाय म्हणत्यात,” तो म्हणाला.

रामबाणच निघाला. तिसऱ्या दिवशी सूज गेली, कसकस गेली, भूक लागली. वैजयंताने दीड महिना त्या गोळ्या घेतल्या आणि त्या लग्नसराईत एकसष्ट नवऱ्यांचे चुडे भरले. आपला नवरा तसा कामाचा आहे, असं ती शेजारणीला आपणहून म्हणाली. एरवी ती असं बोलत नसे.

चैत्रात धनंजय पिवळा पडला. साधासुधा नव्हे, डोळे असे की दुकानातल्या हळदी रंगाच्या बांगड्या फिक्या वाटाव्यात. अन्नावरची वासना उडाली, लघवी चहासारखी, अंगाला खाज. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि तरुण डॉक्टरने सांगितलं, ही पाण्यातून होणारी कावीळ नाही. हिपॅटायटिस बी आहे. रक्तातून पसरते. सुई, वस्तरा, कापलेली जखम, आणि शरीरसंबंध.

शेवटचा शब्द वैजयंताच्या डोक्यात जाऊन बसला तो उठेचना. धनंजय वर्षातून तीनदा माल आणायला फिरोजाबादला जाई आणि पंधरा पंधरा दिवस तिकडे राही. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने मुगाची पातळ खिचडी केली, उसाचा रस गाळून आणला, अंग पुसलं, चादरी धुतल्या, सगळं केलं. फक्त बोलणं सोडलं. ताट ठेवताना ते जमिनीवर जरा आपटायची. सहा आठवडे धनंजयने संसाराचं संगीत म्हणून तेवढंच ऐकलं.

आजारपणात हा माणूस काही कमी नव्हता. शेंगदाण्याची चटणी बंद झाली म्हणून त्याने भिंतीकडे तोंड करून दोन वेळा निरवानिरव केली. फिरोजाबादच्या व्यापाऱ्यांची नावं लेकीला फोनवर सांगून ठेवली. पण बायको बोलत नाही याबद्दल त्याने एकदाच विचारलं.

“वैजू, काय झालंय?”

“तुमचं तुम्हाला ठाऊक.”

त्यानंतर त्याने विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, बाईंचंही रक्त तपासायला हवं. “मला काय धाड भरलीया,” असं म्हणून तिने ते टाळलं. तिला खरंच काही झालेलं नव्हतं. घरात एक माणूस आजारी आणि एक धडधाकट, हे गल्लीलाही दिसत होतं.

जूनमध्ये धनंजय बरा झाला आणि शेवटच्या तपासणीसाठी सोलापूरच्या मोठ्या यकृत केंद्रात बोलावणं आलं. या खेपेला डॉक्टरने दोघांची नावं एकाच चिठ्ठीवर लिहिली होती, त्यामुळे तिला जावं लागलं. आता सोलापूरची एसटी चालकाशिवाय धावत असे. धनंजय अजूनही पुढच्या बाकावर बसून वळण आलं की मोकळ्या खुर्चीला “सावकाश, सावकाश” म्हणायचा. वैजयंताला हसू आलं, पण तिने ते खिडकीकडे वळवलं.

केंद्रातल्या डॉ. फरहाना बागवान पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि समोरच्याला पाणी पाजल्याशिवाय न बोलणाऱ्या. त्यांनी दोघांचं रक्त घेतलं आणि शिवणयंत्राएवढ्या एका यंत्रात घातलं.

“याला आम्ही खानेसुमारी म्हणतो,” त्या म्हणाल्या. “यकृतातल्या पेशी रोज थोड्या थोड्या मरत असतात आणि त्यांचे तुकडे रक्तात येतात. हे यंत्र ते तुकडे वाचून सांगतं, की यकृतातल्या शंभर घरांपैकी किती घरांत विषाणू राहायला आलाय. पूर्वी यासाठी पोटात सुई घालावी लागे.”

तासाभराने कागद आला. धनंजयच्या घरांत कुणीही नव्हतं. सगळी रिकामी, आणि रक्तात रोगाविरुद्धचा पहारा कडक. तो खूश होऊन बायकोकडे बघू लागला. डॉक्टरांनी दुसरा कागद उचलला.

“वैजयंताबाई, तुमच्या शंभरातल्या बावीस घरांत आहे.”

“माझ्या? अवो, मला तर शिंकसुद्धा आली न्हाई.”

“तेच तर,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा कागद घेऊन एक गोल काढला, पण पुरता मिटवला नाही. “विषाणूच्या जनुकांचा धागा असा असतो. तोंड उघडं असलेलं कडं.”

“न जोडलेली बांगडी,” धनंजय पटकन म्हणाला. “फिरोजाबादला कारखान्यातून बांगडी अशीच उघडी निघती. मग गल्लीतल्या बाया घरी बसून ज्योतीवर टोकं जुळवत्यात. जुडाई म्हणत्यात त्याला.”

“अगदी तसंच. फक्त इथे जुडाई करणारे आपलेच असतात. आपल्या पेशीत तुटका धागा दुरुस्त करणारे कारागीर असतात. ते उघडं कडं बघतात, आपलंच समजतात आणि इमानदारीने टोकं जोडून देतात. जोडलेली बांगडी पेशीच्या गाभ्यात वर्षानुवर्षं राहते, आणि तिच्यावरून विषाणूचा नवा नवा माल निघत राहतो. आमच्याकडच्या गोळ्या माल निघणं थांबवतात. बांगडीला त्यांचा हात पोचत नाही.”

“मग ह्यांच्या कुठं गेल्या?”

“त्या घरांसकट पाडल्या गेल्या. मोठेपणी लागण झालेल्या शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या रक्तातले पहारेकरी जागे होतात, आजारी पेशी हुडकतात आणि मारून टाकतात. एकदम इतक्या पेशी पडल्या की यकृताचं काम अडतं आणि माणूस पिवळा होतो. लोकांना वाटतं, जितका पिवळा तितका वाईट. खरं म्हणजे यांचा पिवळेपणा ही पहारेकऱ्यांची मारामारी होती. उरलेल्या पाच जणांत पहारेकरी उशिरा येतात, कमी पडतात, किंवा लढून लढून थकतात आणि चोराला घरचा समजून डोळे मिटतात. अशा माणसाला बहुधा कावीळ होतच नाही. सहा महिने उलटूनही विषाणू रक्तात राहिला, तर आम्ही म्हणतो आजार जुना झाला, मुरला. मग वीस-तीस वर्षांनी यकृत निबर होतं, कधी त्यात गाठ येते.”

“पण माझेच का झोपले?”

“वर्षाच्या सुरुवातीला सांधे धरले होते? काही गोळ्या घेतल्या होत्या?”

वैजयंताने पांढऱ्या गोळ्यांचं वर्णन केलं. डॉक्टरांनी मान हलवली. सांधे धरले होते ते पहारेकऱ्यांच्या जागं होण्यामुळेच, त्या म्हणाल्या, आणि त्या गोळ्या होत्या स्टिरॉइडच्या. दुसऱ्या कुठल्या आजारात त्या जीवही वाचवतात, पण इथे त्यांनी उठत असलेल्या पहाऱ्याला थोपटून निजवलं.

धनंजयचा चेहरा उतरला. “मी आणल्या होत्या,” तो म्हणाला. “माझ्या हातानं.”

दोन्ही कागदांवर खाली आणखी एकेक ओळ होती आणि ती वैजयंताने स्वतः वाचली. यंत्र विषाणूतले बारीक बदल मोजून तो अंगात कधी आला तेही सांगत असे. तिच्या नावापुढे नोव्हेंबर लिहिलं होतं. धनंजयच्या नावापुढे फेब्रुवारी. तिने ती ओळ दोनदा वाचली. सहा आठवडे आपटलेली ताटं एकेक करून तिच्या कानात वाजली आणि तिला खुर्चीत बसवेना.

“म्हणजे ह्यांना माझ्याकडनं,” ती म्हणाली.

“हो. आणि तुम्हाला कुणाच्या तरी रक्तातून. नोव्हेंबरात काही आठवतं?”

तिला हात आठवला. अंगठ्याच्या मुळाशी थेंब असलेला आणि मागे ओढलेला. “आठवतंय,” ती म्हणाली. “पण नाव सांगणार न्हाई.”

“मला नाव नकोच. पण ती मुलगी असेल आणि पुढेमागे तिला दिवस राहिले, तर तिला कळायला हवं. आईकडून बाळंतपणात बाळाला लागण झाली, तर शंभरातल्या नव्वद बाळांत हा आजार कायमचा मुरतो. जन्मल्यापासून चोवीस तासांत लस मिळाली तर बाळ वाचतं.”

वाटा दोन होत्या. एक म्हणजे रोज एक गोळी, बहुधा जन्मभर. त्रास नाही, विषाणू दबलेला, इतरांना धोका जवळजवळ नाही, पण बांगड्या आत तशाच. दुसरी वाट नवी होती. तिला ‘जागल’ म्हणत. आजार जिंकलेल्या माणसाच्या रक्तातून जिंकणाऱ्या पहारेकऱ्यांची चोर ओळखायची खूण वाचायची, ती रोग्याच्या स्वतःच्या पेशींत लिहायची आणि त्या पेशी परत अंगात सोडायच्या. अट एवढीच की दोघांच्या पेशींवरची निदान एक निशाणी जुळायला हवी. भावंडांत जुळते, नवरा-बायकोत कठीण.

“सहापैकी एक जुळतेय तुमची,” डॉक्टर म्हणाल्या. “एक पुरते.”

“पत्रिकेत अठरा गुण जुळले होते,” धनंजय म्हणाला. “त्यातला एक खरा निघाला म्हणायचा.”

“पण नीट ऐका. जागल म्हणजे मुद्दाम आणलेली कावीळ. पन्नास जणांत एकाचं यकृत ती मारामारी सोसत नाही. आणि आज बावीस घरं आहेत. दिवाळीपर्यंत पन्नास झाली, तर मी जागल करणार नाही. इतकी घरं एकदम पाडता येत नाहीत.”

परतीच्या एसटीत धनंजय वळणांवर काहीच बोलला नाही. सोलापूर मागे पडल्यावर वैजयंता म्हणाली, “मी तुमच्यावर संशय घेतला.”

“ठाऊक होतं.”

“मग बोलला का न्हाईत?”

“काय बोलू? मलाच वाटायलं होतं, फिरोजाबादच्या न्हाव्याच्या वस्तऱ्यातनं मी आणलं. आजार मीच घरात आणला असंल, तर कसा आणला ह्यावर कुठं भांडू?” मग तो म्हणाला, “पण ताट जरा जोरातच आपटायचीस. एकदा वरण माझ्या कानात गेलं.”

वैजयंता रडू लागली आणि रडता रडताच हसली. धनंजयने खिशातून रुमाल काढला, तो मळका निघाला म्हणून परत ठेवला आणि आपल्या सदऱ्याची बाही पुढे केली. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला हा माणूस त्या बसमध्ये जितका आवडला तितका त्याआधी क्वचितच आवडला असेल.

तरी तिने जागलीला नाही म्हटलं. गोळी बरी, ती म्हणाली. आपण त्यांना आजार दिला, वर सहा आठवडे त्यांच्याविषयी नाही नाही ते मनात आणलं, आणि आता त्यांच्याच रक्तातलं घ्यायचं, हे तिच्या मनाला पटेना. शिवाय अंथरुणावर पडून कुणाकडून करून घ्यायचं, याची तिला विषाणूपेक्षा जास्त भीती होती. हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

आठवड्याने दुकानात एक बाई लेकीला घेऊन आली. नागपंचमीसाठी बांगड्या भरायच्या होत्या. मुलीने हात पुढे केला. वैजयंताने हातमोजे चढवले. मोज्यातून हात कळेना. कासारीण हाताचं हाड दाबून बघते, कुठे मऊ आहे, कुठे अडेल, ते तिला बोटांनी समजतं; डोळ्यांनी समजत नाही. दोन बांगड्या वाढल्या. तिसऱ्यापाशी तिने मोजे काढले, त्या कोवळ्या हाताकडे बघितलं आणि आपले हात मांडीवर ठेवले.

“आज राहू दे बाळा. बोटं धरल्यात,” ती म्हणाली.

मायलेकी गेल्यावर ती बराच वेळ मांडीवरच्या हातांकडे बघत बसली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लग्नसराईतल्या त्या एकसष्ट जणींना बहुधा लहानपणीच लस मिळालेली असणार आणि यापुढे गोळीने धोका राहणार नाही. ते खरंच असणार. पण समोरचीला न सांगता तिचा हात धरणं तिला जमणार नव्हतं आणि सांगितल्यावर हात पुढे कोण करणार. धनंजय ओट्यावरून हे सगळं बघत होता. या वेळी त्याने उसासा टाकला नाही.

“वैजू, माझ्या अंगात ते पहारेकरी नुसते बसून हायत,” तो म्हणाला. “त्यांना कायतरी काम दे.”

“तुमच्यासारखेच हायत मग,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने सोलापूरला होकार कळवला.

जुलैच्या शेवटी तिच्या पेशी तिला परत मिळाल्या, नवऱ्याची खूण लिहिलेल्या. लहानशी पिशवी, अर्ध्या तासाचं काम. पहिले आठ दिवस काहीच झालं नाही आणि ती वॉर्डातल्या खिडक्या पुसायला निघाली, तेव्हा नर्सने तिला दटावून झोपवलं. नवव्या दिवशी धनंजयने तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि आनंदाने तो बाहेर धावला.

“डॉक्टर, पिवळी पडली. पिवळी पडली.”

त्या वॉर्डात हेच ऐकायला सगळे थांबलेले असत. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. मग मात्र कौतुक करायला वेळ राहिला नाही. अन्न नकोसं झालं, अंगाची आग होऊ लागली. तेराव्या दिवशी वैजयंता असंबद्ध बोलायला लागली आणि रक्त गोठायला लागणारा वेळ वाढत चालला. डॉ. बागवान धनंजयला बाजूला घेऊन म्हणाल्या, रक्त गोठण्याचा आकडा आज संध्याकाळी दोनच्या वर गेला, तर मी पहारेकऱ्यांना आवर घालणारं औषध देईन. जीव वाचेल, पण ते पुन्हा झोपतील आणि ही वाट बंद होईल. आता एक पूर्णांक आठ आहे.

धनंजयने संमतीच्या कागदावर सही केली. मग तो खाटेशी जाऊन बसला आणि त्याने तिची बोटं हातात धरली. तिने त्याच्यासाठी केलं होतं ते सगळं त्याने करून झालं होतं. खिचडी दोनदा करपवून आणली होती, चादर उलटी घातली होती, अंग पुसताना पाणी कानात घातलं होतं. आता करायला काही उरलं नव्हतं म्हणून तो बोलत राहिला. फिरोजाबादच्या गल्ल्या, ज्योतीवर टोकं जुळवणाऱ्या बाया, पहिल्या खेपेला तिच्यासाठी आणलेल्या आणि परतीच्या गाडीत अंगाखाली आलेल्या बिलवर बांगड्यांची जोडी. ती हकीकत त्याने तेहतीस वर्षं लपवून ठेवली होती.

“मला वाटलं हरवल्या,” वैजयंता डोळे न उघडता म्हणाली. “असं सांगितलं होतं तुम्ही.”

बोलण्यात शुद्ध होती. धनंजय नर्सला हाक मारायला उठला तो पायातली चप्पल विसरूनच. साडेपाचला आकडा आला, एक पूर्णांक सात. दुसऱ्या दिवशी दीड. आवर घालायचं औषध कपाटातच राहिलं.

ऑक्टोबरात खानेसुमारी झाली. डॉ. बागवान यांनी या वेळी पाणी आधी पाजलं नाही, कागदच आधी पुढे केला. शंभरातली शंभर घरं रिकामी होती.

“वाढल्या म्हणायच्या का सगळ्या?” धनंजयने विचारलं.

“न्हाई,” वैजयंता म्हणाली. “ह्या फुटल्या.” आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिने पदर तोंडाला लावला.

मार्गशीर्षात आगलाव्यांच्या घरून निरोप आला. ईश्वरीला सातवा महिना होता आणि डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या भरायला वैजूकाकूच हव्या होत्या. सासूबाईंनी तसं मुद्दाम सांगितलं होतं. वैजयंताने पेटी भरली. निरोप येण्याआधीच तिने दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन पाय मागे घेतला होता. तुझ्या रक्तात काय आहे ते सासरच्या घरात बसून एका पोरीला कसं सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. पण चोवीस तासांची गोष्ट होती आणि महिने उरले होते दोन.

ईश्वरीला फुलांनी मढवून झोपाळ्यावर बसवलं होतं. बायका स्वयंपाकघरात ताटं मांडत होत्या. वैजयंता तिच्यासमोर बसली, हात हातात घेतला आणि डोकं खाली घालून पुटपुटली, “बाळा, एक सांगायचंय. दवाखान्यात तुझं रक्त तपासलं असंल ना? कावीळ बी म्हणून एक असती.”

ईश्वरीने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“मला माहितेय काकू,” ती म्हणाली. “लहानपणापासून. आईकडून आली. मी जन्मले तेव्हा दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, लस आठव्या दिवशी मिळाली. ह्यांना लग्नाआधीच सांगितलंय, त्यांनी लस घेतलीय. माझ्या गोळ्या चालू आहेत, बाळाच्या लशीचं डॉक्टरांनी लिहूनच ठेवलंय. फक्त घरच्या मोठ्यांना ठाऊक नाही.” तिने खालचा ओठ चावला. “त्या दिवशी मी हात ओढला होता. सांगायचं होतं. सगळ्या बायका बघत होत्या आणि तुम्ही अंगठा दाबलात. नंतर काका आजारी पडल्याचं ऐकलं. तेव्हापासून तुमच्या दुकानासमोरून गेले नाही, बाजार समितीत कामाला लांबच्या रस्त्याने जाते. तुम्हाला काही झालं का काकू?”

वैजयंताने तिच्याकडे पाहिलं. जूनपासून तिने या मुलीविषयी काय काय मनात आणलं होतं, आणि मुलगी एवढं ओझं घेऊन लांबच्या रस्त्याने बाजार समितीत कामाला जात होती.

“झालं होतं. गेलं,” ती म्हणाली. “तू हात ओढलास, ते मला तेव्हा कळाय पाहिजे होतं. चूक माझ्या अंगठ्याची.”

ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बायकांची चाहूल लागली म्हणून तिने ते आवरलं. वैजयंता बांगड्या भरू लागली. दिवस गेलेल्या बाईचे हात जरा सुजलेले असतात, जपून भराव्या लागतात. अकरा नीट गेल्या. बारावी हाडाशी अडली, तडकली आणि त्याच जागी, अंगठ्याच्या मुळाशी, रक्ताचा थेंब आला.

ईश्वरीने दचकून हात मागे ओढला. वैजयंताच्या पेटीत आता कापूस होता, पट्ट्या होत्या, मोजेही होते. डॉ. बागवान यांनी ते स्वतः भरून दिले होते आणि इतर कुणालाही काच लागली तर ती तेच वापरत असे. तिने त्या कापसाकडे, पट्ट्यांकडे पाहिलं, डबी उघडली, अंगठा हळदीत बुडवला आणि तो हात पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला.

“काकू, नको.”

“घाबरू नकोस. आता मला काही होत न्हाई. आत तुझ्या काकांचे लोक पहाऱ्याला हायत,” वैजयंता म्हणाली आणि जखमेवर अंगठा दाबून तिने मोजायला सुरुवात केली.

आगलावेबाई ओवाळणीचं ताट घेऊन आल्या आणि दोघींकडे बघून थबकल्या. “काय झालं गं?”

“काही न्हाई,” वैजयंता म्हणाली. “एक वाढली. मी आपली सूनबाईंचा हात धरून बसलेय.”